खिडकीजवळच्या टेबलावरचा डिंक

मेश्रामकाका,

परवा कॉलेजात तुमची शोकसभा झाली आणि मी तिथे एक शब्दही बोलले नाही.

तिसऱ्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीवर बसले होते. समोर टेबलावर तुमचा फोटो होता, निवृत्तीच्या निरोपसमारंभातला. अंगावर शाल आणि चेहऱ्यावर 'काढा लवकर' असा भाव. लोक चांगलं बोलले. तुम्ही कधी उशिरा आला नाहीत, कधी कुणाला उलटून बोलला नाहीत, एवढ्या वर्षांत प्रयोगशाळेतलं एक काचेचं भांडं तुमच्या हातून फुटलं नाही. यातलं शेवटचं खोटं आहे. दोन बीकर माझ्यासमोर फुटले होते. तुकडे कागदात गुंडाळताना तुम्ही म्हणाला होतात, "सरायले सांगू नोको, हे आपोआप फुटले."

शेवटी सरांनी, माझ्या मार्गदर्शकांनी, विचारलं, अजून कुणाला बोलायचंय का. त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. मी चपलेच्या बंदाकडे पाहत राहिले. तुम्ही असता तर मागून म्हणाला असता, "बोल नं बाप्पा, कोनी खाते काय तुले?"

तर आता लिहिते आहे. मराठीत लिहिते आहे, मला इंग्रजी जास्त सोपं जातं तरी. इंग्रजीत मी तुमच्याबद्दल फक्त एकच वाक्य बोलले आहे, आणि त्या वाक्यासाठीच हे सगळं लिहायचं आहे.

पण ते लगेच नाही. आधी मला तुम्हाला प्रयोगशाळेत पाहू द्या.

मी संशोधनासाठी वनस्पतिशास्त्र विभागात आले तेव्हा तिथले परिचर तुम्ही होता. विभाग तुमचाच होता म्हटलं तरी चालेल. सरांना कपाटाच्या किल्ल्या तुमच्याकडे मागाव्या लागत. पहिल्या दिवशी तुम्ही मला स्टूल पुसून दिलं आणि विचारलं, "मॅडम, काय विषय घेतला?" मी इंग्रजीत चार लांब शब्द सांगितले. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "आता मराठीत सांगा. म्हंजे तुमालेही समजन."

मला राग आला होता, काका. नंतर लक्षात आलं की मला खरंच सांगता येत नव्हतं. शाळेत मराठी हा आठवड्यातले काही तास कसाबसा उरकायचा विषय होता. घरी बोलायचो, पण पेशीबद्दल घरी कोण बोलतं? मी अडखळत सुरू केलं. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीला भिंत असते. ती मुख्यतः साखरेच्या लांब धाग्यांची असते. त्या धाग्यांच्या मधे मधे काही प्रथिनं असतात, आणि त्या प्रथिनांना साखरेच्या इतक्या फांद्या फुटलेल्या असतात की प्रथिन नावालाच उरतं. फुलझाडांमध्ये त्यांचा खूप अभ्यास झालाय. पण शेवाळ, फर्न, अशी बी न धरता बीजाणूंवर वाढणारी जी जुनी कुळं आहेत, त्यांच्यात ती कशी आहेत ते मला पाहायचंय.

"फर्न नोका म्हनू, नेचे म्हना," तुम्ही म्हणालात. "आमच्या पुस्तकात होतं. अन् हे जे तुमचं साखर-प्रथिन हाय, ते चिकट असन नं?"

"हो, चिकट असतं. बाभळीचा डिंक असतो ना, त्यातही हेच असतं."

तुम्ही हातातला फडका खाली ठेवलात आणि माझ्या स्टुलासमोर दुसरं स्टूल ओढून बसलात. "मंग हे पयले काहून नाही सांगतलं? डिंकाचं काम हाय म्हना नं सरळ!"

त्या दिवसापासून माझा विषय 'डिंकाचा' झाला. प्राचार्यांनाही तुम्ही व्हरांड्यात सांगितलंत, "हे पोरगी शेवायातला डिंक काहाडून राह्यली." मी लाजेनं खांबाआड गेले होते. पण तुमच्या तोंडी 'मॅडम'ची 'पोरगी' झाले, तेही त्याच आठवड्यात.

मी कमी बोलते याची तुम्हाला फार गंमत वाटायची. एकदा कपाटातून तुम्ही शेवाळाचं एक जुनं पाकीट काढलंत. वर्तमानपत्राच्या घडीत तपकिरी, चुरगळलेला, मेल्यासारखा पुंजका. घड्याळकाचेत, काचेच्या उथळ वाटीत, ठेवून त्यावर ड्रॉपरनं पाणी सोडलंत. आम्ही दोघं वाकून पाहत होतो. थोड्याच वेळात एकेक पान सुटत गेलं, बाहेर वळलं, हिरवं झालं. मला शास्त्र माहीत होतं, तरी मी पहिल्यांदाच इतकं टक लावून पाहत होते.

"पाह्य," तुम्ही म्हणालात, "तुह्यापेक्षा हे जास्त बोलते. पाणी टाकलं का उत्तर देते."

मुकुटबनला गेलो तो दिवस मी किती वेळा आठवला असेल. तुमच्या बहिणीच्या शेताजवळ एक जुनी दगडी विहीर आहे, तिच्यात हंसराज नावाचा नेचा आहे, असं तुम्ही महिनाभर सांगत होता. एसटीनं पांढरकवडा, मग दुसरी गाडी. सगळ्या वाटेत मी खिडकीतून कापसाची वावरं पाहिली आणि तुम्ही अख्ख्या गाडीशी बोललात. विहिरीच्या पायऱ्या तुम्ही आधी उतरलात. कमरेला दुपट्टा बांधला होता. आतल्या भिंतीवर, चुन्याच्या ओल्या दगडांच्या सांध्यांमधून हंसराजाच्या काळ्या चकचकीत देठांचे झुबके लोंबत होते आणि त्यांच्याखाली शेवाळाच्या गाद्या. मी सुरी लावली तसं तुम्ही माझं मनगट हलकेच अडवलंत.

"पुरं नोको खुरचू. अर्धं ठेव. इथं राहाते ते, आपन पाहुणे."

वर तुमची बहीण उभी होती. तुम्ही तिला नुसतं 'बाई' म्हणायचे. ती वाकून विचारत होती, "काय गं माय, हे शेवाय कायले नेऊन राह्यली?"

"संशोधन हाय, बाई," तुम्ही विहिरीतून ओरडलात.

"शेवायाचं? मंग आमच्या मोरीतलं बी घेऊन जाय म्हना. रोज घासून घासून हात दुखले माहे."

त्यांच्या घरी आम्ही जेवलो. दारावर पंचशील ध्वज होता, चुलीवर भाकरी होत होत्या, आणि बाईंनी मला तिखट सोसत नाही हे पाहून न विचारता ताटात दही वाढलं. निघताना त्यांनी प्लास्टिकच्या एका पन्नीत बांधावरच्या बाभळीचा डिंक दिला. मधाच्या रंगाचे खडे होते. "लाडू कर," त्या मला म्हणाल्या. तुम्ही पन्नी स्वतःच्या पिशवीत टाकलीत. "लाडू नाही, बाई. लेबलं लावाले होते हा."

कारण स्टोअरमधून येणारी गोंदाची बाटली नेहमी वाळलेली असायची आणि चिकटपट्टी फ्रिजमध्ये ठेवली की सुटायची. तुम्ही बाभळीचा डिंक पाण्यात भिजवून, फडक्यानं गाळून, शाईच्या जुन्या बाटलीत भरून ठेवायचे. त्यानं लावलेलं लेबल थंडीत टिकायचं, पाण्यात बुडवलं तरच निघायचं. आणि डिंकातही माझंच प्रथिन असतं हे मी सांगितल्यापासून तुम्ही त्याला एक नियम जोडला होता. डिंकाचं काम खिडकीजवळच्या टेबलावरच. लेबल लावून झालं की साबणानं हात, दोनदा. हात पुसायचे. मगच कामाच्या टेबलाकडे यायचं. "तुहं शोधाचं अन् माहं चिकटवाचं एकच हाय," तुम्ही म्हणायचे. "दोन्ही एका टेबलावर आले तं भांडण होईन."

नियम तुम्ही केलात, काका. मला शिकवलातही. लेबल कसं लावायचं तेही. सरळ, आणि नळीच्या बुडापासून अंगठ्याएवढी जागा सोडून, म्हणजे स्टँडमध्ये उभी केली तरी वाचता येतं. तुमचं अक्षर छापल्यासारखं होतं. कॉलेजभरच्या कुठल्याही विभागातली बाटली हातात घेतली की कळायचं, ही मेश्रामांनी लावली.

आपलं एक भांडण राहिलंच. मी म्हणायचे, झाडाला जखम झाली की डिंक येतो, म्हणजे ते आजारपणाचं लक्षण आहे. तुम्हाला हे अजिबात पटायचं नाही. "लक्षण नाही. काम हाय ते. तुले लागलं तं तू रडते. झाड रडत नाही, बंद करते. भोक बुजवते अन् पुढं वाढते."

"आणि मग शेवाळाला कशाला हवं ते? त्याला कुठे खोड आहे, कुठे कुऱ्हाड लागते?"

"ते तू सांग. शिकून तू राह्यली."

मी सांगितलं होतं की अजून नीट कळलेलं नाही. पाणी धरून ठेवायला असेल, वाढताना पेशींना एकमेकींची खबर द्यायला असेल. बीजाणू रुजताना, धागा पुढे सरकताना त्याच्या टोकाशी ही प्रथिनं दिसतात. तुम्ही टाळी दिलीत. "म्हंजे तुमच्या पुस्तकालेही मालूम नाही? झकास! मंग आपन बरोबरीत हाओत."

आता त्या सकाळकडे यावंच लागेल.

माझी चाचणी तुम्हाला माझ्याइतकीच पाठ होती. जेलीच्या पातळ थरात एक लाल रंग मिसळायचा, जो आपल्या प्रथिनालाच धरतो. जेलीला बारीक खळगे पाडायचे, खळग्यात नमुना सोडायचा, आणि दुसऱ्या दिवशी पाहायचं. प्रथिन असेल तर खळग्याभोवती गडद लाल कडं उमटतं. एका खळग्यात मुद्दाम डिंकाचं पाणी, तिथे कडं यायलाच हवं. एका खळग्यात नुसतं शुद्ध पाणी, तिथे येताच कामा नये. पाण्याभोवती कडं आलं तर सगळी प्लेट फुकट.

संशोधन समितीपुढचं माझं सादरीकरण पुढच्या आठवड्यात होतं. आदल्या दुपारी तुम्ही निवृत्तीचे कागद द्यायला ऑफिसात गेला होता. जाताना म्हणालात, "लेबलं मी येऊन लावतो. तू घाई नोको करू." मी घाई केली. खिडकीजवळच्या टेबलावर कुणाच्या तरी वह्यांचा ढीग होता, तो उचलायचा कंटाळा आला. डिंकाची बाटली मी सरळ कामाच्या टेबलावर आणली. बोटानंच डिंक लावला, नळ्यांवर लेबलं चिकटवली, आणि त्याच बोटांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण काढलं. हातमोजे संपले होते. हात धुतल्याचं मला आठवत नाही. हे वाक्य मी खूप दिवस असंच मनात म्हणत आले. खरं असं आहे की हात धुतले नाहीत हे मला आठवतं.

सकाळी पाण्याच्या खळग्याभोवती लाल कडं होतं. गडद आणि गोल, कुठे शंका घ्यायला जागा नाही असं.

सर आत आले, प्लेट उजेडात धरली. मग त्यांना टेबलावर शाईची बाटली दिसली. त्यांनी झाकण उघडून वास घेतला. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण ते इंग्रजीत बोलू लागले म्हणजे चिडलेले असत हे आपल्याला माहीत होतं. हे काय आहे, विचारलं. मी इंग्रजीत उत्तर दिलं की तो डिंक आहे, आणि तो काकांनी बनवला आहे.

हेच ते वाक्य. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. ते मी किती विचार करून उच्चारलं असेल, एका क्षणात, हे मला नंतर कळलं.

तुम्ही दारात उभे होता. खांद्याला डब्याची पिशवी होती. तुम्हाला इंग्रजी कळत नाही असं फक्त नव्या मुलांना वाटायचं. सरांनी मराठीत विचारलं, "मेश्राम, ही लेबलं कुणी लावली?"

तुम्ही पुढे आलात. स्टँडकडे पाहिलंत. माझी लेबलं वाकडी होती. एक तर बुडाला टेकलेलं, अर्धं स्टँडमध्ये गेलेलं. माझंच अक्षर होतं. मग तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. फार वेळ नाही. मी प्लेटकडे पाहत होते.

"माह्याच हातानं झालं असन, सर," तुम्ही म्हणालात. "मीच लावले."

पंखा फिरत होता. मला बोलायला भरपूर वेळ होता, काका. लोक म्हणतात ना, काही कळायच्या आत झालं. तसं झालं नाही. मला सगळं कळत होतं. समिती, मुदतवाढ, घरी बाबा काय म्हणतील, सर पुन्हा माझ्यावर विश्वास ठेवतील का. हे सगळं माझ्या डोक्यातून जाईपर्यंत सर "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती" म्हणून निघून गेले होते, आणि तुम्ही बाटलीचं झाकण घट्ट लावत होता.

आठवड्याभरात तुमची बदली परीक्षा विभागात झाली. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. सरांनी तक्रार केली नव्हती, ते तसे नाहीत. संशोधनाच्या कामाला आता शिकलेला माणूस हवा, एवढंच त्यांनी वर सांगितलं. तुम्ही किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवलात. "मॅडम, किल्ल्या. तिसऱ्या कपाटाची जराशी वर उचलून फिरवा लागते."

मॅडम. एवढी एकच शिक्षा तुम्ही मला दिलीत.

त्यानंतर दोन दिवसांनी मी एक चाचणी केली, जी कुणालाही दाखवली नाही. नव्या जेलीत तीन खळगे. एका खळग्यात शुद्ध पाणी. दुसऱ्यात धुतलेल्या बोटांनी हाताळलेल्या बाटलीतलं पाणी. तिसऱ्यात डिंकाच्या बोटांनी झाकण उघडलेल्या बाटलीतलं पाणी. सकाळी फक्त तिसऱ्याभोवती कडं होतं. ते मी कच्च्या वहीत लिहिलं, तारीख घातली, खाली सही केली आणि वही खणात ठेवली. मला वाटलं होतं की लिहिलं म्हणजे सांगितल्यासारखंच आहे.

परीक्षा विभागात तुम्ही उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायचे. भेटलात की विनोद करायचे, "इथं थंडा रूम भेटला मले, कूलरवाला." पण दुपारच्या सुट्टीत तुम्ही आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीपाशी डबा खायचे, जिथे टाकीचं पाणी झिरपून शेवाळ धरतं. मी वरून पाहायचे. खाली आले नाही. तुमचा निरोपसमारंभ ऑफिसात झाला. विभागात व्हावा, किल्ल्या तिथेच नव्या माणसाच्या हातात द्याव्या, असं तुमच्या मनात होतं, हे मला माहीत होतं. किल्ल्या तर आधीच माझ्या टेबलावर येऊन गेल्या होत्या.

एकदा तुम्ही माझ्या घरीही आला होता, आठवतं? वणीकडून येताना मारेगावच्या नाल्यावर शेवाळ दिसलं म्हणून गाडी थांबवून घेतलेलं पाकीट द्यायला. निवृत्तीनंतरची गोष्ट. मी फाटकातच पाकीट घेतलं. आई आतून विचारत होती, कोण आहे. तुम्ही एक पाय फाटकाबाहेर ठेवूनच उभे होता. मी 'आत या' म्हटलं नाही. तुमच्या बहिणीनं मला दही वाढलं होतं, आणि मी तुम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही. "चाल, निंघतो," म्हणालात तुम्ही, आणि पाकिटाकडे बोट दाखवून, "सावलीत सुकव. उन्हात नोको." पाकिटावरचं लेबल सरळ होतं.

गेल्या महिन्यात तुमचा फोन आला. "काय मंग, निंघाला का हंसराजात डिंक?"

मी सांगितलं, निघाला. हंसराजात निघाला, विहिरीतल्या शेवाळात निघाला. आणि बाहेरच्या प्रयोगशाळेतून अहवाल आलाय, त्यांच्या साखरेच्या फांद्यांच्या टोकाला एक वेगळी साखर आहे. फुलझाडांत ती आजवर दिसलेली नाही. शेवाळात आणि नेच्यांत दिसते.

"म्हंजे आपल्या बाभईत नाही?"

"नाही."

"मंग हे जुनं हाय. बाकीच्याईनं सोडून देल्लं, याईनं सांभाळून ठेवलं." तुम्ही खूश होता. दम लागल्यासारखा आवाज येत होता, पण मी विचारलं नाही. मी म्हणाले, "काका, त्या दिवशी…"

"हं?"

तुम्ही थांबलात. खरंच थांबलात. रस्त्यावरून एक गाडी गेली तेही मला ऐकू आलं.

"काही नाही. काकूंना नमस्कार सांगा."

"सांगतो," तुम्ही म्हणालात. मग थोड्या वेळानं, "ठेव, पोरी."

तुम्ही पुन्हा पोरी म्हणालात म्हणून मी किती दिवस आनंदात होते! मला वाटलं, मिटलं. आता पुढच्या वेळी सहज सांगता येईल. पुढच्या वेळी फोन तुमच्या मुलीचा आला. प्रज्ञाताईंनी इतकंच सांगितलं की पहाटे छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंत गेले.

शोकसभा संपल्यावर मी तुमच्या घरी गेले. पहिल्यांदाच. विहाराच्या मागच्या गल्लीत विचारलं तर सगळ्यांना तुमचं घर माहीत होतं. काकू आत पडल्या होत्या. प्रज्ञाताईंनी मला ओळखलं. त्या पांढरकवड्याला नर्स आहेत, माझ्याहून आठदहा वर्षांनी मोठ्या. चहा केला, मला खुर्ची दिली आणि स्वतः खाली बसल्या. मग मीही खाली बसले. आणि सांगितलं. अडखळत, पण सगळं. बाटली, बोटं, ते वाक्य, कच्ची वही.

 संपल्यावर त्या म्हणाल्या, "मले मालूम हाय."

"काका बोलले होते?"

"त्याच दिवशी. आई लय चिडली होती. म्हने, कायले घेतलं आपल्या डोक्यावर? तं बाबा म्हने, पोरीची परीक्षा हाय, माही तं संपली. मी म्हटलं, मी जातो कॉलेजात, सांगतो सरायले. तं मले म्हने, नोको. ते पोरगी सांगन. तिले टाइम लागते."

मी हातातला कप ठेवायला जागा शोधू लागले. त्यांनी तो घेऊन बाजूला ठेवला.

"वाट पाहिली त्याईनं," त्या म्हणाल्या. रागानं नाही, रुग्णाच्या नातेवाइकांना सांगतात तशा आवाजात. "निरोपाच्या दिवशी बी घरी येऊन म्हने, आज सांगन वाटलं होतं. तुमी उशीर केला, ताई. अन् आता मले सांगून काय होते? मले तं मालूमच होतं. जिथं सांगाचं तिथं सांगा."

दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "चहा राह्यला तुमचा. पुन्हा या." याल का, असं विचारलं नाही. या म्हणाल्या.

काल सकाळी मी सरांच्या खोलीत गेले. वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली आणि ते वाचत असतानाच सांगितलं, कारण वाचून झाल्यावर मला जमलं नसतं. सरांनी चष्मा काढला. 

"स्टँड माझ्या समोर होता," ते म्हणाले. "मेश्रामचं लेबल असं नसतं, हे मला झोपेतही कळलं असतं. मी पाहिलंच नाही. मला बाटली दिसली आणि मेश्राम दिसला, आणि बस."

त्यांनी चष्मा परत लावला.

"तू बोलली नाहीस. मी विचारलं नाही." त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "हे कच्च्या वहीत कशाला? विभागाच्या रेकॉर्डला लाव. प्रबंधातही लिही, पद्धतीच्या प्रकरणात, काय चूक झाली आणि कुणाकडून. आणि थांब, इथे खाली मीही लिहितो." त्यांनी माझ्या सहीखाली दोन ओळी लिहिल्या. पहिली अशी आहे की श्री. मेश्राम त्या वेळी प्रयोगशाळेत उपस्थित नव्हते. दुसरी त्यांनी स्वतःबद्दल लिहिली आहे. ती त्यांची आहे, म्हणून इथे देत नाही. पुढच्या विभागाच्या बैठकीत दोन्ही वाचून दाखवणार आहेत. प्रज्ञाताईंना बोलवायचं ठरलं आहे. त्या येतील की नाही, मला माहीत नाही.

हे सगळं तुमच्यापर्यंत पोचत नाही, एवढं शास्त्र मलाही कळतं. मी शोकसभेत गप्प बसले तेव्हा तुम्ही मागून काही म्हणाला नाहीत, आणि आता लिहिते आहे तरी काही म्हणणार नाही. जे तुम्ही ऐकायचं होतं ते तुम्ही ऐकलं नाहीत. हे भोक बुजत नाही, काका. आपल्या भांडणात तुमची बाजू बरोबर असेल तर त्याच्या पुढे तरी वाढता यावं.

तुमची शाईची बाटली तिसऱ्या कपाटात मागे होती. किल्ली वर उचलून फिरवली. आतला डिंक वाळून बुडाशी काचेसारखा झाला होता. त्यात कोमट पाणी घालून ठेवलं. दुपारपर्यंत सुटला. खिडकीजवळच्या टेबलावर आताही कुणाच्या तरी वह्यांचा ढीग होता. तो उचलून खाली ठेवला. कच्च्या वहीतलं पान कापलं आणि रेकॉर्डच्या जाड वहीत लावलं. सरळ, खालून अंगठ्याएवढी जागा सोडून. एका कोपऱ्याला सुरकुती आली, ती बोटानं दाबत बसले, बसेपर्यंत.

मग मोरीवर जाऊन हात धुतले. साबणानं, दोनदा. पुसले. आणि मगच कामाच्या टेबलाकडे गेले.